आसवलीच्या पट्टीवरचे चोवीस दिवे

दिवे गेलेत तर जाऊ देत, मेणबत्ती लावू नका. डास येतात. आणि असलं काही ऐकायचं तर अंधारातच ऐकावं, नाहीतर एकमेकांची तोंडं बघून तुम्ही दात काढता. ही मात्र मी रचलेली गोष्ट नाही. त्र्यंबक माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. नौपाड्यातल्या ऑफिसात सात वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. तो खोटं बोलणारा माणूस होता की नव्हता, एवढं मला कळतं.

तर मंगळवार होता. बारा जानेवारी, सन अठ्ठ्याऐंशी. अमावास्या नव्हती, ग्रहण नव्हतं, काही नव्हतं. वद्य अष्टमी-नवमीचा चंद्र, रात्री एकच्या सुमारास उगवणारा. त्या दिवशी सकाळी त्र्यंबक कल्याणच्या बाजारात वाती घ्यायला गेला होता. अंगठ्याएवढ्या जाड सुती वाती. चोवीस दिव्यांच्या चोवीस, आणि वर सहा जास्तीच्या, कारण दुकानदार चोवीसमध्ये दोन तरी सडक्या घालणार याची त्याला खात्री होती.

हा त्याचा स्वभाव. माणूस भला, पण संशयी. दूधवाल्याने घट्ट दूध घातलं की हा विचारायचा, "आज काय विशेष?" ऑफिसात कोणी पेढे वाटले की आधी कशाचे ते विचारणार, मग पेढा हुंगणार, मग खाणार. वासंतीवहिनी म्हणायच्या, "यांना साक्षात विठोबा भेटला ना, तरी हे म्हणतील, हात कमरेवरून काढा बघू, मागे काय लपवलंय?"

त्र्यंबकचा दुसरा उद्योग क्लबचा. क्लब म्हणजे ठाण्यातल्या चार हौशी मंडळींनी काढलेला फ्लाइंग क्लब. विमान एकच. चार माणसांचं म्हणायचे, पण नीट तीनच मावायची. आणि उतरायला जागा म्हणजे आसवलीची पट्टी. कल्याणहून मलंगगडाच्या रस्त्याने आत गेलं की आसवली. लढाईच्या दिवसांत गोऱ्यांनी तिथली भाताची खाचरं सपाट केली, काँक्रीट ओतलं आणि दोन-अडीच वर्षं तिथे विमानं उतरवली. लढाई संपली, गोरे गेले, पट्टी तशीच राहिली. गावाने तिचं खळं केलं. तिथे भात झोडायचं, मिरच्या वाळवायच्या, जवळा सुकवायचा. चाळीस वर्षं त्या विमानतळावर वाहतूक होती ती फक्त म्हशींची.

क्लबने ती पट्टी भाड्याने घेतली आणि त्र्यंबकला, ऑफिस सांभाळून, तिथला इनचार्ज केलं. इनचार्ज म्हणजे सगळंच तो. पत्र्याची एक शेड, बॅटरीवर चालणारा रेडिओ सेट, वाळूच्या लाल बादल्या, एक रजिस्टर आणि वारा कुठून येतोय ते दाखवणारी कापडी पिशवी. विमान यायचं असलं की हा आधी अख्खी पट्टी पायी तुडवायचा, खडे उचलायचा, म्हशी हाकलायचा. नोव्हेंबरात ती नारिंगी पिशवी चोरीला गेली, तेव्हा हा महिनाभर आसवलीतल्या तान्ह्या पोरांच्या टोपड्यांचे रंग बघत हिंडत होता.

गावावर त्याचा भरवसा नव्हताच. त्याच्या डायरीत एक नोंद होती, ती मी वाचलेली आहे. 'दिवाळीत सर्व घरांच्या पणत्या मागील दारी. पट्टीच्या बाजूस एकही दिवा नाही. का?' खाली लाल शाईने दोन रेघा.

आता मुद्द्याचं ऐका. क्लबला अंधार पडल्यावर विमान उतरवायची परवानगी हवी होती. पट्टीवर वीज नव्हती, म्हणून जुनीच पद्धत ठरली. झारीसारखे पत्र्याचे दिवे. पोटात रॉकेल, तोटीतून बाहेर आलेली जाड वात. पट्टीच्या दोन्ही कडांना बारा-बारा, साठ-साठ पावलांवर. वैमानिकाने वरून दोन ओळी बघायच्या आणि मधोमध उतरायचं. बुधवारी सकाळी सातला दिल्लीची मंडळी तपासणीला यायची होती. त्याआधी मंगळवारी रात्री आठला एकदा खरोखर उतरून बघायचं, असं ठरलं.

आणि पुण्याहून विमान घेऊन येणार होता भगवान. वासंतीवहिनींचा धाकटा भाऊ. एकुलता एक.

सकाळी त्र्यंबक पिशवी घेऊन निघाला तेव्हा वहिनी दारात आल्या. एरवी त्या काही बोलायच्या नाहीत. त्या दिवशी बोलल्या. "अहो, परवानगी मिळो न मिळो. आईला तो एकच आहे. दिवे नीट लावा."

"लावतो," हा म्हणाला.

संध्याकाळी दामाजीने आणि त्याने मिळून दिवे मांडले. दामाजी म्हणजे पट्टीचा राखणदार, आसवलीचाच, पासष्टीच्या पुढचा. एवढासा माणूस, पण पावलं मोजायला पक्का. टेप लावून बघितलं तर वीतभर चूक नाही. त्र्यंबकला त्याचाही संशय आला. याला इतकं बिनचूक येतं कसं?

बरोबर सातला सगळे दिवे लागले. दामाजी प्रत्येक दिवा पेटवला की कपाळाला हात लावायचा आणि झटकन बाजूला व्हायचा. साडेसातला पोपट सायकल मारत आला. पोपटचं वाण्याचं दुकान, गावातला एकुलता एक फोन त्याच्याकडे.

"साहेब, पुण्याशी फोन आलता. भगवानसाहेब बोललं, इमानाचा जनरेटर गेला. आज येत नाय."

"तेच बोलले का? आवाज ओळखलास? अजून कोणी होतं फोनवर?"

"आता मी काय फोनात घुसून बगू? मी दुकान बंद करून जेवाला चाललो."

त्र्यंबकने त्याला दहा प्रश्न विचारले आणि शेवटी विश्वास ठेवला. जनरेटर हा शब्द पोपटच्या पदरचा असणं शक्य नव्हतं. पोरांनो, उभ्या जन्मात या माणसाने एकदाच कोणाच्या निरोपावर नीट विश्वास ठेवला असेल, आणि तो त्या रात्री.

"चला दामाजी. टोप्या घाला दिव्यांवर."

दामाजी हलला नाही. "नाय साहेब."

"अरे, विमान येत नाही म्हणतायत ना?"

"लावलं ना दिवं? मंग आता इमान उतरल्याबिगर इझवाचं नाय. न्हाय आयला तं सूर्य उगवंपावेतो जलू द्याचं. आन् तुमी हितं थांबू नका. माझ्या घरा चला, जेवा, झोपा."

इथे त्र्यंबकच्या मनात पाल चुकचुकली. तरी त्याने रेडिओ सेट बंद केला, शेडला कुलूप घातलं आणि दामाजीच्या मागोमाग गावात गेला.

दामाजीच्या सुनेने, शेवंतीने, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. जेवता जेवता त्र्यंबकने विषय काढला. "तुमच्या गावात पट्टीच्या बाजूला पणती का लावत नाहीत?"

दामाजीने हातातला घास खाली ठेवला.

"लराईचं दिवस व्हतं. आमी चोवीस जना व्हतो कामाला. येका दिव्याला येक मानूस. इमानाचा आवाज आयला का आपला दिवा लावाचा आन् बाजूला उबा र्‍हावाचा. वारा सुटला तं दिवा हातान उचलून छातीशी धराचा. इमान उतरल्याबिगर जागा सोराची नाय. गावाच्या बाजूचा, शेडपासून सातवा, तो माझा."

"मग?"

"येका रातचा इमान आयला. वरती फिराला लागला. गोऱ्या साहेबाला वाटला, दुश्मनाचा हाय. वरडला, दिवं इझवा. आमी इझवलं. मी बी इझवला."

शेवंती भात वाढता वाढता थांबली. तिने ही हकिगत शंभरदा ऐकलेली असणार, तरी थांबली.

"त्यांचाच व्हता तो," दामाजी म्हणाला. "उतराला जागा शोधीत व्हता. फिरला, फिरला... आन् डोंगराव गेला. पोरं व्हती आत. मिशा बी फुटल्या नव्हत्या. साहेब गेला त्याच्या मुलखाला. आमी हितंच र्‍हायलो ना. तेवीस जना मेलं आता. कोन तापानं, कोन म्हातारपनानं, कोन दारून. पन मरताना सगलं येकच बोललं. मना माझ्या दिव्यावर जावाचा हाय. मी तेवढा र्‍हायलो."

 मग दामाजी हळूच म्हणाला, "म्हनून सांगतो साहेब. तिकडं पनती बी लावाची नाय, आन् लावलं तं लावलं. आता ती जागा तेंची हाय."

तुम्हाआम्हाला हे ऐकून काटा आला असता. त्र्यंबकच्या डोक्यात वेगळीच चक्रं सुरू झाली. विमान येणार नाही, तरी याला दिवे जळत ठेवायचेत. मला तिथून लांब ठेवायचंय. वर भुतांची भीती घालतोय. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. किनाऱ्यावर चोरटं सोनं उतरल्याच्या बातम्या त्या दिवसांत रोज पेपरात असायच्या. मग आडबाजूला, चोवीस दिवे लावून सजवलेली रिकामी पट्टी... कोणाच्या तरी विमानाला याहून काय हवं? आणि उद्या सकाळी दिल्लीची माणसं आली आणि हे उघडकीला आलं, तर फासावर कोण? इनचार्ज.

तो ओटीवर आडवा झाला. घोरण्याचं सोंग केलं. घर शांत झालं तशी साडेअकराला उठला, काठी घेतली, बॅटरी घेतली आणि शेतांच्या बांधावरून पट्टीकडे निघाला.

दिवे जळत होते. दोन ओळी, सरळ, पार लांबपर्यंत. कडाक्याची थंडी होती आणि जमिनीलगत थोडं धुकं. त्याने शेड उघडली, रेडिओ सेट लावला. नुसती खरखर. तो दाराआड बसला. बारा वाजले. सव्वाबारा.

बारा वीसला आवाज आला.

लांबून, मलंगगडाच्या अंगाने. बारीक घरघर. त्याने आधी मान तिरकी करून ऐकलं. ट्रक? ट्रॅक्टर? नाही. आवाज वर होता.

त्याने रेडिओचा माइक उचलला. भगवान असता तर त्याने आधी हाक मारली असती. नियमच होता तो. त्र्यंबकने विचारलं, "कोण आहे? नाव सांगा." खरखर. परत विचारलं. खरखर. आकाशात दिवा नाही, खूण नाही. आवाज मात्र वळला, जवळ आला आणि गोल फिरायला लागला.

त्र्यंबकला आता खात्रीच पटली. न बोलता, दिवे मालवून, चोरासारखं येणारं विमान भगवानचं कसं असेल? त्याने टोपी उचलली, ती पत्र्याची, तोटीवर बसवून वात विझवायची, आणि धावत सुटला.

गावाच्या बाजूचा पहिला दिवा. टोपी बसवली. विझला. दुसरा. विझला.

तिसऱ्यापाशी विडीचा वास आला.

तो थबकला. चहूकडे बॅटरी फिरवली. भाताचे खुंट, दव, धुकं. माणूस नाही. "कोण आहे रे? दामाजी? लपून काय बसलायस?" उत्तर नाही. त्याने दिवा विझवला. गवतात झोपलेत साले, त्याला वाटलं. अख्खं गाव सामील आहे.

चौथा. पाचवा. पाचव्यापाशी कोणीतरी खाकरलं. अगदी कानाशी. सहाव्यापाशी ऊब लागली, थंडीत शेजारी माणूस उभा असला की लागते तशी.

सातव्यापाशी काहीच नव्हतं. वास नाही, ऊब नाही. मोकळी जागा. त्याला तिथे जरा बरं वाटलं.

आठव्यापासून पुन्हा सुरू. वास. श्वास. वर विमान फिरतच होतं. डोंगराकडे जायचं, परत यायचं. प्रत्येक फेरीला आवाज जरा खाली. बाराही दिवे झाले. टोकाला त्याने पट्टी ओलांडली आणि डोंगराच्या बाजूची ओळ धरून परत निघाला.

"नको रं..."

म्हातारा आवाज. डावीकडून. त्याने काठी फिरवली. काठी हवेतून गेली.

"नको..."

हा उजवीकडून. दुसऱ्याचा.

त्र्यंबक रडकुंडीला आला होता. हे त्याने मला स्वतः सांगितलंय. पण थांबला नाही. टोपी, वात, अंधार. टोपी, वात, अंधार. बोटं भाजत होती. मागे वळून बघायचा धीर नव्हता. चार राहिले. तीन. दोन.

शेवटचा दिवा विझला, आणि असा काळोख झाला की स्वतःचा हात दिसेना. बॅटरीही मंद होत होत गेली. इतका वेळ गोल फिरणारा आवाज... बदलला. सरळ झाला. शेडच्या टोकाकडून. खाली. त्याच्याच दिशेने.

आता आपण शेडकडे पोचलं पाहिजे, एवढंच त्याला सुचलं. शेड पलीकडे, गावाच्या बाजूला. तो पट्टी आडवी ओलांडायला लागला.

मध्यावर आला.

आवाज डोक्यावर आला.

पाय... हलेनात.

आणि मग तो अडखळला. कसा ते त्याला कळलं नाही. धाडकन पुढे गेला आणि पट्टीच्या कडेच्या गवतात तोंडावर आपटला. पाठीमागून वारा गेला. रबराची किंकाळी ऐकू आली. चाकं टेकली. घरघर लांब गेली, मंदावली... थांबली.

शांत.

थोड्या वेळाने तो उठला. काठी शोधली. चोर तर चोर, दोन हाणल्याशिवाय सोडायचा नाही म्हणून लंगडत लंगडत विमानाकडे निघाला. विमानाचं दार उघडलं. छोटी बॅटरी चमकली.

"भाऊजी? भाऊजी, तुम्हीच ना?"

भगवान होता.

त्याने खाली उडी मारली आणि त्र्यंबकला मिठीच मारली. पोरगा हसत होता. पुण्याला जनरेटर दुरुस्त झाला रात्री दहाला. त्याने आसवलीला फोन लावला, पण दुकान बंद. सकाळी सातला विमान तपासणीला हजर हवं म्हणून, पट्टीवर दिवे असतीलच असं धरून, तो निघाला. घाटावर आला आणि जनरेटर पुन्हा गेला. रेडिओ गेला, दिवे गेले, आतल्या सुयाही दिसेनात.

"मी अंधारात पट्टी शोधत होतो भाऊजी. कशीबशी सापडली. आणि बघतो तर तुमचे दिवे एकेक करून विझतायत. वारा होता का खाली? मला वाटलं, संपलं. परत जायला पेट्रोल नाही, समोर डोंगर. आईचा चेहरा आला डोळ्यांसमोर..."

त्र्यंबकने भाजलेली बोटं मुठीत लपवली.

"पण मग परत लागले! सगळे, एका दमात. आणि काय युक्ती केलीत हो तुम्ही! जमिनीवर असते तर धुक्यात दिसलेही नसते. हातात धरून, छातीपर्यंत उचलून उभी होती माणसं. ओळ इतकी सरळ की डोळे मिटून उतरावं." भगवानने अंधारात इकडेतिकडे पाहिलं. "कुठे गेली सगळी? हाका मारा की. चहा तरी पाजू त्यांना."

"भगवान..."

"एकच राहिला होता पेटवायचा. गावाच्या बाजूचा. येताना मोजले मी, शेडपासून सातवा. तिथला माणूस आला नव्हता का?"



त्र्यंबकने भगवानला काही सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. वाऱ्याने विझले, गावकऱ्यांनी लावले, एवढंच म्हणाला. सकाळी दिल्लीची मंडळी आली, त्यांनी दिवे बघितले, रजिस्टर बघितलं, सह्या केल्या. शेवंतीने त्यांना चहा दिला. ती माणसं गेल्यावर दामाजी पट्टीवर आला.  दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला आणि आपल्या सातव्या जागेपाशी उकिडवा बसून राहिला. त्र्यंबक जवळ गेला. त्याला माफी मागायची होती, पण माफी मागायची सवय नव्हती. तो नुसता शेजारी बसला.

दामाजीनेच विचारलं, "तुमी इझवलं ना?"

"हो."

"मी बी इझवला व्हता," दामाजी म्हणाला. "आता काय बोलाचा."

पुढे तीनेक वर्षांत क्लबही बंद पडला. चार हौशी माणसांची भांडणं झाली, विमान विकलं गेलं. पट्टीवर परत भात आलं. दामाजी गेला त्र्याण्णवला, पावसाच्या आधी. त्र्यंबक बाराव्याला गेला होता. जाताना तेवढ्यासाठी सुट्टी घेतली त्याने, आणि साहेबांनी कारण विचारलं तर 'घरचं माणूस' असं लिहून दिलं.

एवढंच असतं तर मीही म्हटलं असतं, भगवान घाबरलेला होता, त्याला भास झाला. भीतीपोटी माणूस काय काय बघतो. त्र्यंबकही स्वतःला वर्षभर हेच समजावत होता. पण एक गोष्ट त्याला समजावता येईना.

त्या प्रसंगानंतर तीन-चार दिवसांनी वासंतीवहिनी कपडे धुवायला बसल्या. त्याचा त्या रात्रीचा पांढरा सदरा. पुढून माती, गवत, दव, तोंडावर पडला होता ना, ते सगळं निघालं. मग त्यांनी सदरा उलटा केला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, तुम्हाला मागून कोणी ढकललं होतं का?"

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, हाताचा पंजा उमटला होता. काजळीचा. पाची बोटं, तळव्यावरच्या रेघासुद्धा. सोडा लावला, लिंबू लावलं, परटाकडे टाकला. निघाला नाही. उलट इस्त्री फिरली की रॉकेलचा वास यायचा.

मी तो सदरा हातात घेऊन बघितलाय. त्र्यंबकनेच दाखवला, ऑफिसात, दार लावून. पंजा मोठा होता, राबलेल्या माणसाचा. मी त्याच्यावर माझा हात ठेवून बघितला. आधी उजवा ठेवला, तर अंगठा चुकीच्या बाजूला येत होता. मग डावा ठेवला, तेव्हा जुळला.

मी म्हटलं, "डाव्या हाताने कशाला ढकलेल रे कोणी?"

त्र्यंबक सदऱ्याची घडी घालत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "उजव्या हातात दिवा असणार."